एकोणीस सेकंदांचा सूर

धाकटीनं त्या सकाळी ठेवणीतला कोट काढला, ओठांना लाली लावली आणि आरशासमोर उभं राहून स्वतःला बजावलं, की आज जिंकून यायचं. भांडण जिच्याशी होतं ती आठ महिन्यांपूर्वीच वारली होती. पण भांडायला समोर माणूस लागतंच असं नाही. काही लोक एकट्यानंही उत्तम भांडतात, आणि धाकटी त्यांतली होती. वय वर्षं त्र्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज गेलेला, नाकावर माशी बसू द्यायची नाही ही खोड तेवढी शाबूत.

भांडण होतं एका सुराचं. पन्नास वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या सोल गाण्याची एक तबकडी निघाली होती. सोल म्हणजे गळा प्रार्थनेचा आणि रडगाणं प्रेमभंगाचं. मागं मंद ऑर्गन, दोन ट्रम्पेट, आणि पुढं एक पुरुष, जो बायकोला परत ये म्हणून विनवतोय आणि ती येणार नाही हे त्यालाही माहीत आहे. या तबकडीवरचा गायक प्रत्येक गाण्याआधी दोन-तीन मिनिटं बोलत बसे, म्हणून वादक त्याला पाद्री म्हणायचे. पाद्री केव्हाच गेला. तबकडी मात्र टिकली, आणि टिकली ती शेवटच्या गाण्यामुळं. त्या गाण्यात पाद्री विनवून विनवून थकतो, वाद्यं एकेक करून थांबतात, आणि कोरसमधल्या दोन बायकांपैकी एकीचा आवाज वर चढतो आणि तिथंच राहतो. एकोणीस सेकंद. हलत नाही, थरथरत नाही. जाणकारांनी त्या एकोणीस सेकंदांवर पानंच्या पानं लिहिली. कोरसमधल्या त्या दोघी सख्ख्या बहिणी. वेष्टणावर नावं छापली होती तीसुद्धा ‘थोरली आणि धाकटी’ एवढीच, कारण स्टुडिओत सगळे त्यांना तसंच हाक मारायचे.

तो सूर धाकटीचा, हे जगजाहीर होतं. त्या सुरावर कंपनीच्या साहेबांनी तिला पाद्रीबरोबर चार वर्षं दौऱ्यावर नेलं. पुढं तिनं चाळीसेक तबकड्यांवर कोरस गायला, मग गाण्याचा वर्ग काढला, आणि वर्गाच्या भिंतीवर त्या सुराविषयीचं कात्रण काचेत घालून लावलं. थोरली त्या तबकडीनंतर पुन्हा माइकसमोर उभी राहिली नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिनं एकतीस वर्षं चादरींना इस्त्री केली.

आणि मग सव्वीस वर्षांपूर्वी एका दुपारी रेडिओवर कुणीतरी थोरलीला गाठून विचारलं, ‘तो सूर नेमका कुणाचा हो?’ थोरली म्हणाली, ‘माझा.’

धाकटीनं त्याच क्षणी फोन फिरवला. जे बोलली ते इथं सांगण्यात अर्थ नाही. जिभेला हाड नसतं आणि त्या दिवशी तर ताळतंत्रही नव्हतं. खोटारडी म्हणाली, पोटात दुखतंय म्हणाली, इस्त्री करून करून डोकं भाजलंय म्हणाली. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. ‘बघा,’ धाकटी येईल-जाईल त्याला सांगत सुटली, ‘खरी असती तर भांडली नसती का? चोराच्या मनात चांदणं.’ त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. थोरलीच्या अंत्यविधीला धाकटी शेवटच्या रांगेत बसली आणि कुणी बोलायला येण्याआधी उठून आली.

आता एका कंपनीनं ती तबकडी मूळ टेपांवरून साफ करून, रीमास्टर करून पुन्हा काढायचं ठरवलं होतं. हे कळल्याबरोबर धाकटीनं कंपनीला एकामागून एक तीन पत्रं लिहिली. कोरस मागं दडपलाय तो पुढं आणा. पुस्तिका छापणार असाल तर लांब सूर कुणाचा ते नाव घालून छापा. एकदाचा सोक्षमोक्ष होऊ द्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी तिला ते सांगितलं असतं तर तिनं सांगणाऱ्यालाच झापलं असतं.

स्टुडिओ बुटांच्या दुकानावर होता. जिना अरुंद, खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं, खिडकी नाही. रेकॉर्डिस्ट पंचेचाळिशीचा, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेला, हळू बोलणारा माणूस होता. त्यानं तिला दोन मोठ्या स्पीकरांच्या बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं. टेबलावर टेपचं मोठं रीळ होतं आणि खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता.

‘हा वास कसला?’

‘टेपचाच, ताई. त्या काळच्या टेपांचा गोंद आता चिकट होतो. तशीच मशीनवर चढवली तर किंचाळते आणि वरचा थर सोडते. म्हणून आधी मंद आचेवर आठ तास शेकावी लागते. मग महिनाभर चालते.’

‘मलाही ठेव मग आठ तास,’ धाकटी म्हणाली. ‘महिनाभर जिना तरी चढेन.’

तो हसला, पण मनापासून नाही, आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. त्यानं पहिलं गाणं लावलं.

धाकटीनं ती तबकडी हजारदा ऐकली असेल. आज तिला वाटलं, आपण इतकी वर्षं बंद दाराबाहेर उभं राहून ऐकत होतो आणि आता कुणीतरी दार उघडलं. ऑर्गन नुसता वाजत नव्हता, त्याच्या आतला पंखा गरगरताना ऐकू येत होता. बास वाजवणाऱ्याच्या बोटातली अंगठी मधूनच तारेला लागत होती. लग्नाची अंगठी काढायला तो कधीच तयार नसायचा, त्यावरून साहेब चिडायचे. ड्रमवाल्याचं स्टूल करकरत होतं. पाद्री ओळ म्हणायच्या आधी आवंढा गिळत होता, आणि त्या आवंढ्यातच अर्धं गाणं होतं, हे धाकटीला आज कळलं. ती सकाळ भयंकर गारठ्याची होती, स्टुडिओची शेगडी बंद पडली होती, सगळे कोट घालून वाजवत होते. टेपवर थंडी ऐकू येत नाही म्हणतात. तिला आली. ट्रम्पेटवाले मधल्या मोकळ्या वेळात तोंडांवर हात चोळत होते तोसुद्धा आवाज आला.

‘काय काम केलंयस रे बाबा,’ ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिनं ते लपवले नाहीत. ‘आम्ही आठ जण होतो त्या खोलीत. सात गेले. तू सातांना उठवून बसवलंस.’

एकेक करून रेकॉर्डिस्टनं सगळी गाणी लावली. शेवटच्या गाण्याआधी थांबला आणि चहाचं पुन्हा विचारलं.

‘दुसऱ्यांदा विचारतोयस. मला चहा पाजायला बोलावलंयस की गाणं ऐकवायला?’

त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली. ‘ताई, तुम्ही लिहिलं होतं तसा मी कोरस पुढं आणला. आणल्यावर एक गोष्ट ऐकू यायला लागली. जुन्या तबकडीवर ती ऐकू येत नाही, सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. पण हे बाजारात गेलं, की ज्याला कान आहे त्याला ऐकू येणार. म्हटलं, आधी तुम्ही ऐका.’

‘मग ऐकव ना. मला कसली भीती घालतोस?’

गाणं सुरू झालं. पाद्री विनवून थकला, वाद्यं थांबली, आणि सूर चढला. धाकटीनं डोळे मिटले. चार, पाच, सहा. सातव्या सेकंदाला काहीतरी झालं. सूर तुटला नाही, जागचा हललाही नाही, पण त्याचं अंग बदललं. मघापर्यंत तो धारदार होता, आता तो रुंद झाला. तिनं डोळे उघडले.

‘टेपला जोड आहे तिथं?’

‘नाही. टेप सलग आहे.’

‘मग हे काय झालं?’

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. या दोघी चर्चच्या गायकवृंदात वाढल्या होत्या, आणि तिथं लांब सूर गाण्याची एक रीत असते. एकीचा श्वास संपत आला की दुसरीनं आपली जागा सोडून तिची जागा घ्यायची, पहिलीनं गुपचूप श्वास घेऊन दुसरीच्या रिकाम्या जागेवर यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं एकच बाई न थांबता गातेय. त्यांच्या गाण्याच्या बाई त्याला चोरटा श्वास म्हणायच्या. ‘सूर कुणाच्या बापाचा नाही,’ त्या ओरडायच्या, ‘पडला नाही म्हणजे झालं!’ एका आईचे दोन गळे असले की मग तर विचारायलाच नको, हेडफोनमध्ये आपला आवाज कुठला आणि बहिणीचा कुठला ते गाणारीलाही सांगता येत नसे. निदान सव्वीस वर्षं धाकटी स्वतःला हेच सांगत आली होती.

‘तुम्हा दोघींना दोन वेगळे माइक होते,’ रेकॉर्डिस्ट म्हणाला. ‘दोन वेगळे ट्रॅक. आधी तुमचा एकटीचा लावतो.’

धाकटीच्या ट्रॅकवर एक तेवीस वर्षांची मुलगी वर चढली. सूर सुरेख लागला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पाचव्या सेकंदाला तो बारीक व्हायला लागला. सातव्याला संपला. मग एक श्वास, बुडता बुडता वर आलेल्या माणसानं घ्यावा तसा, आणि त्यानंतर तीच मुलगी खालच्या सुरावर येऊन बसली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली.

‘आता दुसरा.’

थोरली खालच्या सुरावर होती. सातव्या सेकंदाच्या किंचित आधी, धाकटीचा सूर बारीक होतोय हे ऐकून, ती सावकाश वर गेली आणि तिनं तो सूर उचलला. बारा सेकंद. कुठंही जोर नाही. धुलाईखान्यातल्या एखाद्या शांत बाईनं चादरीची चारही टोकं जुळवून घडी घालावी, तसा तिनं तो सूर शेवटाला नेऊन ठेवला.

धाकटीला वाटलं आता टेप थांबेल. थांबली नाही. त्या काळी सूर संपल्यावरही मशीन क्षणभर चालू ठेवायचे. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या गार खोलीत कुणाचा तरी कोट सळसळला. मग काचेपलीकडून साहेबांचा आवाज आला, भोंग्यातून आल्यासारखा:

‘वरचा कुणाचा होता? त्या पोरीला मी दौऱ्यावर नेतोय.’

थोरलीच्या माइकमध्ये, अगदी जवळून, थोरली म्हणाली, ‘धाकटीचा.’

मग थोडी शांतता. आणि त्याच माइकमध्ये, दुरून, पण स्पष्ट, धाकटीचा आवाज: ‘हो.’

टेप संपली.

साहेबांनी विचारलं होतं आणि थोरलीनं उत्तर दिलं होतं, एवढं धाकटीला पक्कं आठवत होतं. या सव्वीस वर्षांत तिनं ते शंभर जणांना साक्षीपुराव्यासारखं सांगितलं होतं, की बघा, तेव्हा स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती आणि आता फिरली. स्वतःचा ‘हो’ मात्र तिला आठवत नव्हता. आता आठवला. त्याआधीची शांतताही आठवली. छाती रिकामी झाली होती, कानशिलं ठणकत होती, आणि आपण खाली उतरलो हे तिला चांगलं माहीत होतं. थोरलीनं तिच्याकडं पाहिलं होतं. घरी सात महिन्यांची मुलगी सोडून थोरलीला दौऱ्यावर जाता आलं नसतं, की तिनं फक्त धाकटीचे डोळे पाहिले, ते आता कुणाला विचारणार? धाकटी हो म्हणाली. संध्याकाळी शाबासकी मिळाली, दुसऱ्या दिवशी आणखी मिळाली, आणि महिन्याभरात तिचं तिलाच खरं वाटायला लागलं. स्तुती फार चवीची असते, आणि ती खाताना कुणी खडे शोधत बसत नाही.

आणि थोरलीनं चोवीस वर्षं ब्र काढला नाही. एकदाच, कुणीतरी सरळ विचारलं तेव्हा, एकच शब्द बोलली. त्याबद्दल धाकटीनं तिला सव्वीस वर्षं एकटं टाकलं. शिक्षा गुन्ह्यापेक्षा मोठी होती असंही म्हणता येत नाही, कारण गुन्हाच नव्हता.

‘ताई,’ रेकॉर्डिस्ट म्हणाला, ‘मी कोरस पुन्हा मागं ढकलू शकतो. जुन्या तबकडीसारखाच. कुणाला काही कळणार नाही.’

‘पुस्तिकेत काय लिहिलंय?’

त्यानं कपाटातून एक कागद काढला. कंपनीनं वर्षभरापूर्वी दोघींनाही माहितीचा फॉर्म पाठवला होता. धाकटीनं आपला फॉर्म रागारागानं चार पानं जोडून भरला होता. हा थोरलीचा होता. इस्पितळातल्या पलंगावर पाठ टेकून लिहिलेली अक्षरं, ओळ खाली घसरत गेलेली. ‘शेवटच्या गाण्यातला लांब सूर कुणी गायला?’ या छापील प्रश्नापुढं थोरलीनं लिहिलं होतं: धाकटीनं.

‘दोघींचं उत्तर एकच आलं,’ तो म्हणाला, ‘म्हणून कंपनीनं तुमचं नाव घातलं. तुम्ही पत्रांत भांडत होतात ते कुणाशी, हे आम्हाला कळेचना.’

जिंकायला आली होती आणि जिंकली होती. वर्षभरापूर्वीच जिंकली होती. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला समोर एक विरलेला स्वेटर सोडून कुणी नव्हतं.

‘बदल ते,’ ती म्हणाली. ‘थोरलीचं घाल. आणि कोरस जिथं आणलायस तिथंच राहू दे.’

तिला वाटलं तो नियम सांगेल, सह्या मागेल, दोन महिने लागतील म्हणेल. तिनं मनातल्या मनात वाद घालायची तयारीही केली. त्यानं संगणकावर पान उघडलं, एक नाव पुसलं, दुसरं लिहिलं.

‘झालं.’

‘झालं? एवढंच?’

‘छपाई पुढच्या आठवड्यात आहे. एवढंच.’

धाकटीनं पर्समधून फोन काढला. भाचीचा, थोरलीच्या मुलीचा, नंबर तिनं कधी लावला नव्हता, पण खोडलाही नव्हता. भाची छापखान्यात कामाला होती. फोन उचलला तेव्हा मागं यंत्राची घरघर चालू होती.

‘मावशी?’ भाचीच्या आवाजात आश्चर्य होतं, आनंद नव्हता. ‘काय झालं?’

‘मी त्या तबकडीच्या स्टुडिओत आहे. ऐक. तो लांब सूर... तो तुझ्या आईचा होता. सगळा नाही, पण बहुतेक तिचाच. आज टेपवर ऐकला मी. पुस्तिकेत तिचं नाव घालायला लावलंय.’

‘मला माहीत होतं,’ भाची म्हणाली.

‘तिनं सांगितलं?’

‘नाही. भांडी घासताना गायची ती. मला काय कान नाहीत?’

धाकटीला वाटलं आता भाची तोडून बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. त्याला उत्तर देता आलं असतं, किंवा ऐकून घेता आलं असतं.

‘तू कधी म्हणाली का नाहीस मग?’

‘कुणाला? तुला? तू फोन घ्यायचीस का आमचा?’ यंत्राचा आवाज कमी झाला. भाची बाहेर आली असावी. ‘मावशी, नाव घाला नाहीतर नका घालू. मला एक सांग. त्या टेपवर आई बोललीय का कुठं? गाणं नको, बोलणं. आमच्याकडं तिचा आवाजच नाही. रेडिओवाल्यांना विचारलं, त्यांनी ठेवलेलं नाही. फोनवर निरोप ठेवायची तिला सवय नव्हती. आठ महिने शोधतेय मी.’

धाकटीनं रेकॉर्डिस्टकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्या एका ट्रॅकवर काय काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

‘आहे,’ ती म्हणाली. ‘एक शब्द आहे.’

‘कुठला?’

‘धाकटीचा.’

‘म्हणजे?’

‘सूर कुणाचा म्हणून साहेबांनी विचारलं. तेव्हा ती म्हणाली, धाकटीचा.’



‘आणि तू काय म्हणालीस?’ भाचीनं विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. तो शब्द तेवढा कापून दे म्हटलं असतं तर समोरच्या माणसानं दोन मिनिटांत कापून दिला असता, आणि विचारलंही नसतं.

‘मी हो म्हणाले,’ धाकटी म्हणाली.

‘तेही पाठव,’ भाची म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.